अश्विनी मेश्राम कर्मचारी होती का?

मार्गारेटनं तो फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा तिच्या अंगावर अजून कोट होता. म्हणजे स्वतःच्या केबिनमध्ये न जाता ती सरळ माझ्याकडे आली होती. बुधवार होता, नऊसुद्धा वाजले नव्हते.

"ही स्टुडंट आहे," ती म्हणाली. "आणि तिनं स्टाफचा ग्रीव्हन्स फॉर्म भरलाय. दोन ओळींचं पत्र लिही. तुम्ही एम्प्लॉयी नाही, त्यामुळे ही प्रोसीजर तुम्हाला लागू नाही. विद्यार्थ्यांच्या तक्रारींचं ऑफिस वेगळं आहे. बस."

"आजच हवंय?"

"आजच. शुक्रवारी दुपारी बाराला ती हॉलमधली खोली सोडतेय. त्याच्या आधी हे आपल्याकडून संपलेलं बरं."

ही दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका युनिव्हर्सिटीत मी HR ॲडव्हायझर होते. तिचं नाव सांगत नाही. राहायला साउथहॅम्प्टनला, रोज ट्रेननं जाऊन-येऊन. मार्गारेट आमची डिरेक्टर. ग्रीव्हन्स म्हणजे कर्मचाऱ्यानं आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल लेखी केलेली तक्रार. ती आली की मालकाला ठरलेल्या पायऱ्यांनी जावं लागतं. मीटिंग, चौकशी, लेखी उत्तर, अपील. कर्मचारी नसेल तर यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून ती दोन ओळींची घाई.

फॉर्मवर नाव होतं अश्विनी मेश्राम. पत्ता हॉलचा, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या होस्टेलचा, गाव नागपूर. एमएस्सी करत होती आणि युनिव्हर्सिटीच्या महिला बास्केटबॉल टीममध्ये होती. तिला स्पोर्ट्स स्कॉलरशिप होती, म्हणजे फी माफ आणि राहायला खोली. तक्रार साधी होती. डाव्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेली आहे. फिजिओनं सहा आठवडे खेळू नको म्हणून लिहून दिलंय. कोचनं शनिवारच्या मॅचला उतरायला सांगितलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्कॉलरशिप काढून घेतल्याचं पत्र आलं.

फिजिओची चिठ्ठी जोडलेली होती. फिजिओ आमच्याच पगारावरची. आणि मागे स्टेपल केलेलं चार पानांचं 'ॲथलीट ॲग्रीमेंट'.

मी पत्र टाइप करायला घेतलं. पहिली ओळ झालीही. मग ॲग्रीमेंटचा क्रमांक टाकायचा म्हणून ती पानं उलटली आणि वाचतच बसले.

कर्मचारी कोण, हे इंग्लंडमध्ये कागदाला दिलेल्या नावावरून ठरत नाही. कोर्ट प्रत्यक्षात काय चाललं होतं ते बघतं. सोप्या भाषेत तीन प्रश्न असतात. काम कसं आणि कधी करायचं ते कोण सांगतं? तुमच्या जागी तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवू शकता का? आणि एकानं काम द्यायचं, दुसऱ्यानं करायचं, हे दोघांवर बंधन आहे का? त्याच्या बदल्यात काही मिळतं का, हे त्यातच आलं.

ॲग्रीमेंटमध्ये लिहिलं होतं की ॲथलीटनं आठवड्याला चौदा तास ट्रेनिंगला हजर राहायचं. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. दुसऱ्या क्लबसाठी खेळायचं नाही. ओपन डेला, म्हणजे प्रवेश घेऊ पाहणारी मुलं बघायला येतात त्या दिवशी, युनिव्हर्सिटीचा किट घालून उभं राहायचं. आठवड्याला सहा तास शहरातल्या शाळांमध्ये मुलांना बास्केटबॉल शिकवायला जायचं. आणि क्लॉज सात: कोचची 'रीझनेबल इन्स्ट्रक्शन' मोडली तर डिसिप्लिनरी ॲक्शन. हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. ते आमच्याच स्टाफ हँडबुकमधून जसंच्या तसं उचललं होतं.

मी टाइप केलेली ओळ पुसली.

अश्विनीला अकरा वाजता बोलावलं. दारातून वाकून आत यावं इतकी उंच, पायात तो करडा प्लॅस्टिकचा बूट, काखेत एक कुबडी. माझ्या दारावरची पाटी वाचून आली होती. बसायच्या आधीच मराठीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?"

"हो. पण आपण इंग्रजीत बोलू या. मला नोंद ठेवायची आहे, आणि ती माझ्या बॉसला वाचता आली पाहिजे."

तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, पण इलाज नव्हता. HR मालकासाठी काम करतं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं, त्याचा वकील व्हायचं नसतं. आमची भाषा एक आहे हे मी त्याच दुपारी मार्गारेटला सांगून टाकलं. नंतर दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं.

मी अश्विनीला विचारलं, "स्टाफचा फॉर्म का भरलास?"

"कोच रोज म्हणतात, हा तुझा जॉब आहे. उशीर झाला की म्हणतात, जॉबला असं येतात का? मग तक्रार करायची वेळ आली तेव्हा मी जॉबचाच फॉर्म शोधला."

"शाळांमधलं कोचिंग कधी सुरू झालं?"

"आल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. दर सोमवारी आणि गुरुवारी. सोबत शिक्षक असतात, पण शिकवते मीच."

"त्याचं वेगळं काही मिळतं?"

"नाही. ते स्कॉलरशिपमध्येच आहे म्हणाले."

जाताना दाराशी थांबली आणि मराठीतच म्हणाली, "ताई, पाय खरंच दुखून राहिलाय. मी बहाणा नाही करून राहिली. घरी अजून सांगितलंच नाही." मी फक्त मान हलवली. वहीत त्याची नोंद केली नाही.

डॅरेनला, म्हणजे तिच्या कोचला, मी स्पोर्ट्स सेंटरमध्ये जाऊन भेटले. चाळिशीचा माणूस, स्वतः बरीच वर्षं खेळलेला. तो दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. शनिवारची मॅच हरली तर टीम खालच्या डिव्हिजनला जाणार होती आणि त्याचं स्वतःचं काँट्रॅक्ट उन्हाळ्यात संपत होतं.

"मी मोडलेल्या बोटानं अख्खा सीझन खेळलोय," तो म्हणाला. "खेळाडू दुखतं म्हणून बसत नाहीत."

"फिजिओनं लिहून दिलंय."

"फिजिओ सगळ्यांनाच बसवते. तिला मॅच जिंकायची नसते."

"अश्विनी तुझी कोण आहे, डॅरेन? स्टुडंट की स्टाफ?"

"ॲथलीट."

"तसा रकाना आमच्याकडे नाही."

तो हसला. "मग तुमचे रकाने वाढवा. मला फक्त एवढं माहीत आहे की मी सांगितल्यावर तिनं कोर्टवर असलं पाहिजे. नाहीतर खोली दुसऱ्या कुणाला तरी देता येईल. तिच्या जागेसाठी बाहेर रांग आहे."

मी परत आले आणि खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिले. इंग्लंडला येण्यापूर्वी मी पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सोनेलमध्ये होते. तिथे शिकाऊ मुलं असायची. कामगारांबरोबर पंच करायची, तीच मशीन चालवायची, फक्त मस्टरवर नाव नसायचं. त्यातल्या एकाचं बोट प्रेसमध्ये गेलं. साहेबांनी मला सांगितलं, तो कामगार नाही, शिकाऊ आहे, असं पत्र लिहा. मी पंचवीस वर्षांची होते. लिहिलं. पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. त्या मुलाचं नाव मला अजून आठवतं.

तर माझं मत जवळजवळ बनलं होतं. ही मुलगी कर्मचारी आहे, निदान तसा दावा करण्याइतकं पक्कं आहे, असा मेमो लिहायचा. गुरुवारी सकाळी लिहायला बसण्यापूर्वी मी इंटरनॅशनल ऑफिसमध्ये नीलला फोन केला. विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम त्याच्याकडे. नील वॉटफर्डमध्ये जन्मलेला, आईवडील मूळचे साताऱ्याचे. माझ्याशी मराठी बोलायचा त्याचा हट्ट असे.

मी सगळं सांगितलं.

"ताई, थांबा. हा मोठी प्रॉब्लेम आहे." मग तो इंग्रजीवर गेला. "ती स्टुडंट व्हिसावर आहे. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. पण प्रोफेशनल खेळाडू म्हणून काम करायला पूर्ण बंदी आहे. एक तासही नाही. तुम्ही लिहिलंत की ती युनिव्हर्सिटीची एम्प्लॉयी आहे आणि तिचं काम बास्केटबॉल खेळणं आहे, तर तुम्ही असं लिहिलंत की ती पहिल्या दिवसापासून व्हिसाची अट मोडतेय."

"आणि तिचा स्वतःचा फॉर्म?"

"त्यात तिनं काय लिहिलंय?"

मी फॉर्म उघडला. दुसऱ्या पानावर तिच्या अक्षरात होतं: बास्केटबॉल हा माझा इथला जॉब आहे.

तो कागद बुधवारपासून आमच्या फाइलमध्ये होता. मार्गारेटनं तो नीट वाचला असता तर दोन ओळींच्या पत्राची गरजच नव्हती. व्हिसाचं नाव काढलं असतं तरी मुलगी घाबरून निघून गेली असती. मला स्वतःला ही गोष्ट चोवीस तास सुचली नव्हती, हेही इथे सांगायला हवं.

मी अश्विनीला सल्ला देऊ शकत नव्हते. पण नील देऊ शकत होता. ते त्याचं कामच होतं. मी तिला फोन करून एवढंच सांगितलं, "आत्ताच्या आत्ता नीलला भेट. इंटरनॅशनल ऑफिस, पहिला मजला."

तासाभरानं तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"ताई, म्हणजे मी बरोबर असले तर मला देशातून काढतील, आणि चूक असले तर खोलीतून. असंच ना?"

तिचा फॉर्म अजून माझ्यासमोर उघडाच होता.

"मी सामान भरून घेते," ती म्हणाली.

दुपारभर मी ॲग्रीमेंट पुढ्यात घेऊन बसले. ती कर्मचारी आहे असं लिहिलं तर व्हिसा जातो. नाही असं लिहिलं तर घर जातं आणि तो कोच पुढच्या मुलीला मोडक्या पायावर उभं करतो. साडेतीनला कँटीनमधून चहा आणला आणि तो तसाच गार झाला. मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या टोकानं बघतेय. ती कोण आहे हे मला ठरवायची गरज नव्हती. युनिव्हर्सिटीला विचारायचं होतं की तुम्ही कोण आहात. मालक असाल तर तिच्या पायाची जबाबदारी तुमची. मालक नसाल तर क्लॉज सात तुमच्याकडे आला कुठून? मालक नसलेल्या माणसाला हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा करता येत नाही.

आणि शाळांमधलं कोचिंग वेगळं काढता येत होतं. ते खेळणं नव्हतं, शिकवणं होतं. आठवड्याला सहाच तास, वीसच्या आत. नीलला पुन्हा फोन केला. त्यानं तेव्हाचा नियम दोनदा वाचून सांगितलं, शाळेतल्या मुलांना शिकवणं हे पार्ट-टाइम काम म्हणून बसतं. पुढे नियम कडक झाले. तेव्हा ते बसलं असतं की नाही, सांगता येत नाही.

शुक्रवारी दहाला मार्गारेटच्या केबिनमध्ये मीटिंग होती. मार्गारेट, डॅरेन आणि मी. पत्र लिहिलेलं नाही हे ऐकून मार्गारेटनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी बुधवारी सांगितलं होतं."

"हो. पण आधी क्लॉज सात ऐका." मी वाचला. मग स्टाफ हँडबुक उघडून त्यातला तोच परिच्छेद वाचला. शब्दाला शब्द.

"हे कुणी लिहिलं?" मार्गारेटनं विचारलं.

डॅरेन खुर्चीत हलला. "मी. तुमच्या वेबसाइटवरून घेतला. मला वाटलं तो मंजूर मजकूर आहे."

"मंजूर आहे," मी म्हटलं. "कर्मचाऱ्यांसाठी. आपण तिला लिहून दिलं की तू कर्मचारी नाहीस, तर ती उद्या ट्रिब्यूनलकडे जाऊ शकते." ट्रिब्यूनल म्हणजे नोकरीच्या वादांचं कोर्ट. "तिथे आपलं दोन ओळींचं पत्र एका हातात असेल आणि हे चार पानांचं ॲग्रीमेंट दुसऱ्या हातात. जज दुसरा हात बघतील. आणि असं ॲग्रीमेंट फक्त तिच्याकडे नाही. प्रत्येक स्कॉलरशिपवाल्या खेळाडूकडे हेच आहे."

मार्गारेटनं ॲग्रीमेंट स्वतःकडे ओढून घेतलं. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. माझं आडनाव आणि तिचं आडनाव एकाच भाषेतलं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"तुमच्या," मी म्हटलं. "म्हणून हे तिच्या वकिलाच्या आधी तुम्हाला वाचून दाखवतेय."

मेमोच्या खाली मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. स्कॉलरशिप वर्षअखेरपर्यंत परत चालू करायची. क्लॉज सात काढायचा आणि दुखापतीत फिजिओचा शब्द शेवटचा मानायचा. शाळांमधल्या कोचिंगसाठी वेगळं कॅज्युअल, म्हणजे तासांवर पैसे देणारं, काँट्रॅक्ट करायचं, टर्मच्या सुरुवातीपासून. बदल्यात अश्विनी ग्रीव्हन्स मागे घेईल. नीलनं गुरुवारी संध्याकाळी तिला हे समजावून सांगितलं होतं आणि तिची तयारी होती. व्हिसाचा शब्द मी मेमोत कुठेही घातला नाही. कुणी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि ती दीड तासाची मीटिंग मी त्याच भीतीत काढली.

"आणि उद्या मी काय करू?" डॅरेन म्हणाला.

"पाय मोडलेला नसेल असं कुणीतरी खेळव," मार्गारेट म्हणाली आणि पेन उचललं.

सही झाली तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी अकोमोडेशन ऑफिसला फोन लावला. एंगेज्ड. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कागद हातात घेतला आणि चालत निघाले. कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला हॉल, मधे चढ. अर्ध्या वाटेपासून मी पळत होते. ऑफिसच्या बुटांत, त्रेचाळिसाव्या वर्षी.

हॉलच्या दारातच पोर्टर, म्हणजे तिथला केअरटेकर, यादी घेऊन उभा होता. मागे कॉरिडॉरमध्ये दोन सुटकेसेस आणि एक स्टीलच्या डब्यांची पिशवी. अश्विनी सुटकेसवर बसली होती, प्लॅस्टिकचा बूट सरळ पुढे. हातात किल्ली.

"बारा वाजायला आलेत, लव्ह," पोर्टर मला तिकडच्या बोलण्याच्या सवयीनं म्हणाला. "मला किल्ली घ्यावीच लागेल."

मी कागद त्याच्या हातात दिला. बोलायला दम नव्हता. त्यानं तो शांतपणे, अगदी खालच्या सहीपर्यंत वाचला. मग यादीतल्या एका नावावर रेघ मारली.

"राहू दे किल्ली तुझ्याकडेच," तो अश्विनीला म्हणाला, आणि एक सुटकेस उचलून परत तिच्या खोलीकडे निघाला.

ती रडली वगैरे नाही. तिनं मला विचारलं, "मग मी कोण ठरले?"

"कोचिंगपुरती कामगार. बाकी विद्यार्थिनी."

"आणि ते चौदा तास?"

"त्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. मग किल्ली खिशात टाकत म्हणाली, "मला वाटलेलं, कुणीतरी एकदा सरळ सांगेल."

शनिवारी टीम हरली आणि खालच्या डिव्हिजनला गेली. उन्हाळ्यात डॅरेनची पोस्ट रद्द झाली. त्याची केसही माझ्याकडेच आली. त्याला नोटीस मिळाली, कन्सल्टेशनच्या मीटिंग झाल्या, सोबत युनियनचा माणूस बसला, अपीलसुद्धा झालं. शेवटच्या मीटिंगनंतर तो मला म्हणाला, "तुम्ही लोक नीट वागलात." मी म्हटलं, "तुझ्या काँट्रॅक्टवर एम्प्लॉयी असं लिहिलंय." त्याला ते कळलं असावं.

अश्विनीचं हाड भरून आलं. एमएस्सी झाली. उरलेल्या वर्षात ती शाळांमध्ये जात राहिली. कोर्टवर मात्र फक्त सरावाला, आणि तोही मनात आला तर. आता बेंगळुरूला नोकरी करते.

खेळाडूंना पगार द्यावा का, त्यांना कर्मचारी मानावं का, या वादावर मला लोक अजून मत विचारतात. माझं मत असं की बहुतेकांना त्या प्रश्नाचं उत्तर नकोच असतं. युनिव्हर्सिटीला नको होतं, कारण उत्तर महाग पडलं असतं. व्हिसाच्या भीतीनं अश्विनीलाही ते परवडणारं नव्हतं. आणि मी, जिला उत्तर बऱ्यापैकी माहीत होतं, मी ते कागदावर येऊ नये म्हणून तीन दिवस राबले.

पुढच्या सप्टेंबरमध्ये नवं ॲग्रीमेंट निघालं. दोन पानांचं, स्वच्छ, मीच तयार केलेलं. त्याच्या सोबत मार्गारेटचं एक सर्क्युलर होतं: परदेशी विद्यार्थ्यांना स्पोर्ट्स स्कॉलरशिप यापुढे देण्यात येणार नाही. फार गुंतागुंतीचं होतं, असं कारण. त्या वर्षी निवड झालेल्या तीन मुलींना नकाराची पत्रं गेली. ती टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. नियम दुरुस्त करणाऱ्यानं एवढं धरून चालावं, की दुरुस्तीचा खर्च कुणाला तरी लागतो, आणि तो माणूस बहुधा त्या मीटिंगमध्ये नसतो.